न भरलेले नांगे

माझं डोकं फार लवकर तापतं. त्या दिवशी कापडे गावात शेताच्या बांधावर मी काकींवर जे ओरडले, ते आठवलं की अजून मान खाली जाते.

पाहणीचा दिवस होता तो. तरुण शास्त्रज्ञांसाठीच्या एका योजनेतून मला तीन वर्षांचं संशोधन मंजूर झालं होतं, पण दुसऱ्या वर्षाचा निधी परीक्षक शेतावर येऊन काय लिहितात यावर अवलंबून. पस्तिशीनंतर या योजनेत अर्ज करता येत नाही आणि मला पस्तिसावं सरत आलेलं. म्हणजे हे गेलं की गेलंच.

विषय माझाच होता, कोणी दिलेला नव्हता. तळीये गावावर दरड आली त्याच पावसात महाडचं आमचं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर मी या भागातली शेतं बघत हिंडले, तेव्हा सगळं कुजलेलं असताना कुठेकुठे एखादं जुनं भात उभं दिसायचं. ते कोणतं, एवढंच मला शोधायचं होतं. कापड्याच्या काकी माझ्या नात्यातल्या नाहीत, गावात सगळे त्यांना काकीच म्हणतात; त्यांचं नदीकडचं भातखाचर दरवर्षी बुडतं, म्हणून तेच निवडलं. दोन्ही मुलगे मुंबईत, शेती काकी एकट्या बघतात. सहा जुनी भातं, प्रत्येकाचे वेगळे चौकोन, कोपऱ्यात नंबर लिहिलेल्या बांबूच्या काठ्या.

नदी आली, पाच दिवस खाचरात राहिली, उतरली. उतरल्यानंतर दहाव्या दिवशी परीक्षकांसमोर जगलेले चूड, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचे झुबके, मोजायचे, असं ठरलेलं. ते दहा दिवस मी कुठे होते? संस्थेत, प्रगती अहवाल लिहीत. तक्ते भरत, सह्या गोळा करत. एकदाही कापड्याला गेले नाही.

दहाव्या दिवशी सकाळी आठला पोलादपुराहून रिक्षाने पोहोचले आणि बांधावर चढले. सहाच्या सहा भातं गच्च भरलेली. कुठे बोटभर मोकळी जागा नाही.

लावणीनंतर रोपं मेली की मधेमधे जागा पडतात, त्यांना नांगे म्हणतात. घरचं उरलेलं आवण, म्हणजे वाफ्यातली रोपं, आणून नांगे भरायचे, हे इथे कोणी कोणाला शिकवत नाही. काकींनी तेच केलं होतं. चार दिवस चिखलात वाकून.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी किंचाळलेच. "सगळं वाटोळं केलंत काकी!"

त्यांनी कमरेवर हात ठेवले. "अगो, सायेब येनार म्हणालीस ना तू? दोन नंबर तर सारा मेलेला. रस्त्यावरनं जाणारा येणारा विचारीत होता. तुझी लाज नको जायला म्हणून भरला."

"आता निवडून दाखवा, कुठले तुमचे ते."

"ते कसं सांगू गो? पुरातलं पण पिवळं, लावलेलं पण पिवळं."

तेव्हा लख्खपणे कळलं की चूक कोणाची. वर्षभर मी त्यांच्या ओटीवर चहा पीत होते, पण मला मेलेलं मोजायचंय हे त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. पाणी उतरल्या दिवसाचा साधा फोटोही माझ्याकडे नव्हता. परीक्षकांना फोन करून सांगायला अकरापर्यंत वेळ होता, तरी मी केला नाही.

अकराला परीक्षक सरांची गाडी आली. वयस्क, बोलायला मऊ. त्यांनी पँट दुमडली, बांधावरून एक फेरी मारली. "पाच दिवस पाण्याखाली, आणि हे?" ते म्हणाले. "छानच. मोजा बघू."

मी मोजायला लागले. खरंच मोजले. एक नंबर, पूर्ण. दोन नंबर, पूर्ण. माझ्या तोंडून आकडे निघत होते, सर लिहून घेत होते, आणि मनात मी स्वतःला समजावत होते की पुढच्या वर्षी नीट करू, आधी निधी तर येऊ दे.

तेवढ्यात काकी बांधावरून म्हणाल्या, "बाय, मंग ह्यातलं कंचं बियाणं ठेवू मी खालच्या शेताला? दोन नंबर ठेवू?"

त्यांनी ते अगदी खरं विचारलं होतं. दोन नंबर मेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, तरी माझ्या 'पूर्ण'वर विश्वास ठेवून मी सांगेन ते त्या पेरणार होत्या. दोन नंबर पेरलं तर पुढच्या पुरात खालचं शेत नागडं होणार, आणि वर्षभराचा तांदूळ त्याच शेतातून येतो.

मी उभी राहिले. "सर, थांबा. खोडा ते आकडे."

सगळं सांगितलं. सरांनी पेन बंद केलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाले, "पण मला जे आहे तेच लिहावं लागेल." दीड महिन्यांनी पत्र आलं. निधी बंद.

कळल्यावर काकींनी काठ्या उपटून, धुऊन पडवीत ठेवल्या. सहाही भातांचं उरलेलं बियाणंही त्यांच्याचकडे राहिलं. मी महाडला एका क्लासमध्ये शिकवू लागले. चवदार तळ्यावरून रोज जाताना पाण्याकडे बघायचं टाळायची.

पुढच्या पावसात एका सकाळी काकींचा फोन आला. "पाणी उतरून दहा दिस झाले. ये."

गेले. खाचरात त्याच काठ्या, तेच नंबर. चौकोनांत मोठाले नांगे उघडे पडलेले, दोन नंबर तर जवळजवळ रिकामा, आणि पाच नंबर मात्र उभा. मला रडूच आलं.

रस्त्यावरून जाणारा एकजण ओरडला, "काय काकी, यंदा हात मोडला का?"

"रोज हसतात गो माझ्याव," काकी त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग पदर खोचून बांधावर बसल्या. "मोज गो. आता कोणी सायेब यायचा नाय. नीट मोज."