सुलट शंभर, उलट शंभर

आप डोफूचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा आणि पाच वाजता अडायचा.

साडेचारला उठून तो देवघरात पाण्याच्या सात वाट्या भरायचा, चूल पेटवायचा, लोण्याचा चहा घुसळायचा. सगळं डाव्या हातानं, सांडत-लवंडत, पण व्हायचं. पाचला तो घो अंगावर चढवायचा आणि तिथंच काम थांबायचं. घो हा पायघोळ झगा. तो गुडघ्यापर्यंत वर ओढायचा, दोन्ही हात पाठीमागे न्यायचे, मागे दोन सरळ चुण्या घालायच्या आणि वरून पट्टा आवळायचा. उजवा हात पाठीमागे जायला तयार नव्हता. कुल्ल्यापर्यंत जायचा आणि हट्टी खेचरासारखा उभा राहायचा.

मग त्याची बायको आउम ग्येम यायची. (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं आप म्हणतात, बाईला आउम.)

"उभा राहा सरळ. एकसष्ट वर्षांचं बाळ माझं."

"हळू ओढ. खांदा दुखतोय."

"भिंत बांधताना दगडाला विचारतोस का, बाबा दुखतंय का म्हणून?"

डोफू गवंडी होता. चाळीस वर्षं दगडाच्या भिंती बांधल्या. एकदा उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधून तिथंच बसवायचा, हा त्याचा नेम. त्या नेमापायी एकदा तो अख्खी दुपार एक दगड पोटाशी धरून उभा होता. भाद्रपदाच्या सुमारास त्याचा उजवा खांदा धरला. तेव्हा डोंगरावरच्या मठाची भिंत कमरेइतकी झाली होती.

त्या कामावरचा मेस्त्री तोबग्ये तसा भला माणूस, पण कामात कोणाचा मुलाहिजा ठेवत नसे. त्यानं सांगून टाकलं, "आप, ज्या दिवशी स्वतःचा घो स्वतः नेसशील, त्या दिवशी ये. बायकोनं नेसवलेला माणूस माझ्या परांचीवर नको. सकाळी पांढरं हिव पडायला लागेपर्यंत तुझी जागा ठेवतो. मग खांडूला बोलावतो."

खांडू पलीकडच्या खोऱ्यातला गवंडी. तो दगड कपाटातल्या पुस्तकांसारखे नुसते उभे रचतो, एकमेकांत गुंतवत नाही, असं डोफूचं मत होतं. आपल्या कमरेइतक्या भिंतीवर खांडू पुढची भिंत चढवणार, या विचारानं डोफूचा चांगला खांदाही दुखू लागला.

तो इस्पितळात गेला. तिथं अंगण एक आणि दारं दोन. एका दारात जडीबुटीचे वैद्य, समोरच्या दारात नवे डॉक्टर. माणसं दोन्हीकडे जातात, फुकट असतं. म्हाताऱ्या वैद्यानं डोळे मिटून दोन्ही मनगटांची नाडी पाहिली.

"वारा अडकलाय," तो म्हणाला. "रोज झाडपाल्याची वाफ घे. वाफ घेऊन झाली की समोर सेल्डनकडे जा."

"म्हणजे तुमचं औषध कमी पडतं?"

"मी गंज काढतो. बिजागरी तिनं हलवायची."

सेल्डन ही व्यायाम देणारी पोरगी, सव्वीस वर्षांची, फार झपझप बोलणारी. तिनं डोफूचा हात वर केला, मागे केला, कोनमापक लावून आकडे लिहिले आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"त्यावर सुलट शंभर, उलट शंभर. रोज." आणि ती दुसऱ्या रोग्याकडे वळली.

भिंतीवर एक मोठं चाक होतं. लोखंडी, मधे जाड नळकांडं, कडेला मूठ. डोफूनं टोपी काढली. आत मंत्र भरलेलं मणीचाक त्यानं जन्मभर फिरवलं होतं. देवळात, पुलाजवळ, ओढ्यावर. इस्पितळवाल्यांना शेवटी अक्कल आली, असं त्याला वाटलं. त्यानं मूठ धरली आणि 'ओम मणी पद्मे हुम' हा मणी, म्हणजे मंत्र, म्हणत शंभर फेरे पुरे केले. नव्व्याण्णवावर कळ मस्तकात गेली, तरी सोडलं नाही.

उलट फिरवायचा प्रश्नच नव्हता. मणीचाक उलट फिरवलं की साठवलेलं पुण्य उसवतं. पोरगी घाईत काहीतरी बोलून गेली असेल, आणि दुसऱ्याची चूक चारचौघांत काढू नये.

आठवड्याभरात बातमी गावभर झाली. गावातल्या आउम पेल्डनची कंबर धरली होती, खांदे धडधाकट होते, तरी ती रोज येऊन अकरा फेरे मारायची. कोणी चाकाला पांढरा रेशमी पट्टा बांधला. कोणी खाली बिस्किटाचा पुडा ठेवला. एके दिवशी सेल्डन येते तर चाकासमोर लोण्याचा दिवा आणि शेजारी स्पिरिटची बाटली. तिनं दिवा विझवला आणि सगळ्यांना झापलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बिस्किटं मात्र तिनं खाल्ली.

मग चाक जड फिरायला लागलं. सेल्डननं नट सैल केला, तेल घातलं, उपयोग झाला नाही. रोगी कण्हत फिरवायचे.

"आज मशीन जास्त औषध देतंय," आउम पेल्डन म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात सेल्डननं पुन्हा कोन मोजले. डोफूचा हात समोरून जवळजवळ कानापर्यंत जात होता. मागे मात्र कुल्ल्यावरच अडलेला.

"आप, हे कसं काय? अर्धा खांदा सुटला, अर्धा तसाच. उलट किती फेरे करता?"

"एकही नाही."

"का?"

"पाप लागतं."

"अहो, ते मशीन आहे! परदेशातून खोक्यात आलंय!"

"आत मणी आहे."

"आत काही नाही."

"आहे."

"मी स्वतः बसवून घेतलंय. तुम्हाला काय माहीत, आत काय आहे ते?"

डोफूनं खिडकीबाहेर पाहिलं. मग टोपीकडे पाहिलं.

"मीच भरलाय," तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं मधल्या नळकांड्याचं झाकण काढून पाहिलं होतं. आत रिकामं. इतकं चांगलं चाक आणि आत काही नाही! बाजारातून छापील मंत्राचा कागद आणून, घट्ट गुंडाळून, त्यानं तो डाव्या हातानं आत आसाभोवती ठोकून बसवला होता. गवंडीच तो. पोकळी ठेवायची नाही, हे हातात मुरलेलं.

"म्हणून जड फिरतंय!" सेल्डन ओरडली. "काढा आत्ताच्या आत्ता!"

"मला नाही काढता येणार. एकदा भरला की मठातल्या लोपेननंच, म्हणजे गुरुजींनीच, काढायचा."

"मग मी काढते." तिनं पाना घेतला, स्टुलावर चढली. खोलीत चौदा रोगी होते. सेल्डननं पाना झाकणाला लावला आणि तशीच उभी राहिली. तिचं शिक्षण शहरातलं, पण आई याच खोऱ्यातली. थोड्या वेळानं ती खाली उतरली.

"लोपेनना फोन करते," ती म्हणाली. "पण हे मी घाबरून करत नाहीये."

"नाही, नाही," चौदाही जण म्हणाले.

लोपेन नामग्याल कोबीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आले. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, त्यामुळे आधी त्यांनी ते दाखवून घेतले. मग चाक पाहिलं, पांढरा पट्टा पाहिला आणि इतके हसले की दाताची कवळी सावरावी लागली.

त्यांनी मंत्र पुटपुटत कागद काढला, कपाळाला लावला आणि घासून घासून नळकांडं आतून पुसलं.

"आता हे नुसतं लोखंड आहे. कसंही फिरवा."

डोफूचं तोंड उतरलं. "आणि माझे दोन हजारांवर मणी? खांद्याचा जीव घेऊन म्हटलेले?"

"ते तुझ्या तोंडातून निघाले की चाकातून?"

"तोंडातून."

"मग ते कुठं जातात?"

सेल्डन मधेच म्हणाली, "लोपेन, एक गोष्ट माझ्या वहीत आहे. जे मणी म्हणत फिरवतात, ते शंभर पुरे करतात. त्यांचा श्वास संथ चालतो, खांदे आखडत नाहीत. जे गप्प फिरवतात ते तिसावर सोडतात आणि घरी जाऊन पडतात. पण मणी म्हणून जो सांधा फिरवलाच नाही, तो सुटत नाही. तेही वहीत आहे."

"चांगली वही आहे," लोपेन म्हणाले. "मणी तोंडात ठेवा, चाक रिकामं ठेवा. आणि पोरी, माझ्या गुडघ्यांना काय?"

"सायकल. सुलट शंभर, उलट शंभर."

"उलट?" लोपेन म्हणाले. मग जाऊन सायकलवर बसले.

त्या दिवसापासून डोफू सुलट फिरवताना मणी म्हणायचा. उलट फिरवताना मात्र त्याची जीभ मणी म्हणायला वळेना. लोपेननी मोकळीक दिली होती, जिभेनं दिली नव्हती. रिकामं तोंड ठेवलं की हात तिसावर दमायचा. म्हणून प्रत्येक उलट फेऱ्याला तो खांडूच्या बांधकामाचा एक दोष सांगू लागला. पुलाचा कठडा डुगडुगतो. गोठ्याचा कोपरा फुगलाय. दोष साठापर्यंत पुरले. पुढचे चाळीस त्याला साधे आकडे मोजावे लागले.

पाचव्या आठवड्यात हात पट्ट्याला टेकला. सहाव्यात पाठीच्या मणक्याला. शेवटच्या पंधरा दिवसांत त्यानं सुटीच्या दिवशीही इस्पितळाचं दार वाजवलं, तेव्हा सेल्डननं शिव्या देत देत किल्लीच त्याच्याकडे दिली. तिकडे डोंगरावर सकाळी दवाच्या जागी पांढरं हिव पडायला लागलं होतं.

एका पहाटे पाच वाजता आउम ग्येम आली तर डोफू घो नेसून उभा. ती चहाचा पेला घेऊन त्याच्याभोवती एक फेरी फिरली.

"डावी चुणी वाकडी आहे."

"भिंत नाही ती."

"माझ्या परसातली भिंत तू तीनदा पाडून बांधलीस. सोड. परत घाल."

त्यानं सोडला. परत घातला. परत वाकडी. तिसऱ्या वेळी दोन्ही चुण्या ओळंब्यात उतरल्या. म्हातारीनं चहात आणखी एक लोण्याचा गोळा टाकला.

डोंगरावर मेस्त्री तोबग्येनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणी नेसवला?"

"मी."

"दाखव."

"इथं?"

"इथंच. खांडू आजच आलाय. त्याला परत पाठवायचं तर कारण दिसलं पाहिजे."

बोचऱ्या वाऱ्यात, वीस मजुरांसमोर, डोफूनं पट्टा सोडला. आत त्याची लोकरी विजार होती, गुडघ्यावर आउम ग्येमनं लावलेलं फुलाफुलांचं ठिगळ. परांचीवरून कोणी शीळ घातली. डोफूनं घो वर ओढला, दोन्ही हात मागे नेले आणि पुटपुटत चुण्या घातल्या. डावीला मणी, उजवीला आकडे.

खांडू मागे जाऊन बघून आला.

"सरळ आहेत," त्यानं मान्य केलं. "आप, खांदा कसा सुटला? माझाही धरलाय."

डोफूनं पट्टा आवळला. मग म्हणाला, "खाली इस्पितळात जा. सेल्डनला विचार. चाक रिकामं आहे, आत काही भरू नकोस. आणि उलट फिरवताना माझ्या भिंतींचे दोष मोज. दहाच्या वर जाणार नाहीस, तेव्हा आकडे येत असले पाहिजेत."

थंडीनं भिंतीचा गारा गोठून काम बंद व्हायच्या आधी डोफूला तेवीस दिवस काम मिळालं. भिंत छातीपर्यंत गेली. तेवीस दिवसांची मजुरी घेऊन तो थेट तांबटाकडे गेला आणि माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर मूठ येईल असं खरंखुरं मणीचाक सांगितलं. उंची सेल्डननं फितीनं मोजून दिली होती.

"असं गुळगुळीत करून देतो की बोट लावलं की फिरेल," तांबट म्हणाला.

"नको. जरा जड कर. बोटानं फिरलं तर खांद्यानं काय करायचं?"

ते चाक इस्पितळाच्या ओसरीत बसलं. लोपेननी विधिपूर्वक मंत्र भरले, आणि आउम पेल्डन आपले अकरा फेरे तिकडे घेऊन गेली. मजुरीतले शेवटचे थोडे पैसे उरले होते, त्यांत डोफूनं पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली आणि आत सेल्डनच्या लोखंडी चाकाच्या वर भिंतीत स्वतःच्या उजव्या हातानं ठोकली:

'आत काही नाही. दोन्हीकडे फिरवा.'