आपल्या बापांच्या भिंतीला चुना नको

फळ्याभोवती जमलेल्या मिठागरातल्या भावांनो, आपल्याच खाडीचं मीठ उचललं म्हणून इंग्रजांनी आपल्या बापांना ज्या कोठडीत डांबून मारलं, तिला आज सकाळी चुना लावायला घेतला!

मी आडवा आलो. सरपंच म्हणाले, "मास्तर, परवा झेंडावंदन हाय. काली पडलेली भिंत पाव्हन्यांना दाखवायची काय?"

त्या भिंतीवर आपल्या बापांनी खिळ्यानं फावडी कोरली आहेत. नाव लिहिता येत नव्हतं ना!

बोटीवर कोळसा ओढत मी युरोपला गेलो, स्टेशनांवर झोपलो. जर्मनीतल्या छळछावणीत कैद्यांनी भिंतीवर काढलेले ओरखडे जपलेले पाहिले. हे सांगितलं, तर सरपंच हसले. "तुमची जर्मनी तुमच्यापाशी. उद्या चुना लागनार."

मारणाऱ्यांचा देश भिंत पुसत नाही, मग मार खाल्लेल्यांनी का पुसावी?

उद्या सकाळी कोठडीच्या दारात येऊन बसा.