वांगी रंगाचा टेम्पो

मस्कतला निघालो त्या सकाळी विमानतळ येईपर्यंत बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. टेम्पो त्यांचा, चालवत तेच होते. मी शेजारी बसून मांडीवरच्या बॅगेची चेन उगाच उघडत होतो, लावत होतो. पडघा मागे पडलं, भिवंडीचा बायपास आला, पुढे ठाण्याची गर्दी. मी दोनदा म्हणालो, "बाबा, पाणी पाहिजे का?" त्यांनी मान हलवली, रस्त्यावरची नजर काढली नाही. विमानतळावर टेम्पोला वर सोडत नव्हते. खाली रस्त्याच्या कडेला त्यांनी माझी पेटी उतरवून दिली आणि म्हणाले, "पोचलास का आईला फोन कर."

आईला. 'मला कर' असं म्हणाले नाहीत.

ते का बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. आठवड्यापूर्वीपर्यंत तो टेम्पो वांगी रंगाचा होता. त्या सकाळी तो पांढराशुभ्र होता, आणि तो पांढरा मी केला होता, त्यांना न विचारता.

नऊ वर्षं झाली. तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना ही गोष्ट अर्धी माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, दुबईला, दोह्याला, नाहीतर नुसते काल्हेरच्या नव्या बिल्डिंगीत, त्यांना मला ती पुरती सांगावीशी वाटते. मला एका जागी स्वस्थ बसवत नाही हल्ली. इथे मस्कतला सुट्टीच्या दिवशीही मी गॅरेजला चक्कर मारून येतो. माझी बायको संगीता म्हणते, "बसा की जरा." बसतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठतो.

रंगकाम मी नारपोलीजवळच्या एका गॅरेजात शिकलो. उस्ताद आझमगढकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आमचं गॅरेज रस्त्याला लागून. देशभरच्या ट्रका समोरून जायच्या, कारण कापड भरायला आणि गोदामात माल उतरवायला सगळ्यांना भिवंडीत यावंच लागायचं. चाचा पॉलिश पेपर घासता घासता मला विचारायचे, "नंबर मत देख. रंग देख के बोल, कहाँ की गाड़ी?" सुरुवातीला मी चुकायचो. मग डोळा बसला. केशरी-पिवळी आणि आरशांनी मढवलेली आली की राजस्थान. निळ्या-लालवर मोर आणि फुलं असली की पंजाब. चॉकलेटी केबिनवर पांढऱ्या रेघा ओढलेली दिसली की दक्षिणेकडची. दर वेळी बरोबर यायचं असं नाही, पण दहातल्या सात-आठ वेळा यायचं.

मी एकदा विचारलं, "चाचा, सगळे एकच रंग का नाही लावत? डबा एकाच कंपनीचा तर असतो."

"बेटा, ड्रायवर महीना महीना घर नहीं जाता," ते म्हणाले. "तो घर का रंग साथ ले के चलता है."

आमच्या बाबांच्या टेम्पोचा वांगी रंग मात्र कुठल्याच मुलखाचा नव्हता. तो त्यांनी स्वतः निवडला होता. पडघ्याच्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे नसेल असा रंग दे, एवढंच त्यांनी चाचांना सांगितलं होतं. चाचांनी जांभळ्यात काळा आणि थोडा तांबडा मिसळून तो बनवला. सकाळी दुधाची कॅन आणि भाजीच्या पाट्या घेऊन बाबा पडघ्याला, कधी भिवंडीला जायचे. बायका पाट्यांशेजारी बसून जायच्या. फाट्यावर उभं राहिलं की टेम्पो लांबून दिसायचा. लोक म्हणायचे, वांगं आलं.

मग गोदामं वाढली. रोज नवीन पत्र्याची शेड उभी राहायला लागली आणि त्यांना गाड्या लागायला लागल्या. काल्हेरच्या एका गोदामात मी बाबांच्या टेम्पोसाठी विचारलं. तिथला सुपरवायझर म्हणाला, "गाडी चालेल. पण व्हाइट पाहिजे. सगळ्या गाड्या व्हाइटच घेतो आम्ही." तोवर आजूबाजूला सगळंच पांढरं व्हायला लागलं होतं. जमिनी भाड्याने दिलेल्यांच्या दारात मोठ्या गाड्या आल्या, त्याही पांढऱ्या. लग्नाच्या मांडवाबाहेर त्या ओळीने लागायच्या आणि आपली कुठली हे मालकाला किल्लीचं बटण दाबून शोधावं लागायचं. त्यात मला काही खटकलं नाही. मला ते पुढे गेलेलं वाटायचं.

मस्कतचा व्हिसा आला तेव्हा मला एकच घोर होता. मी गेल्यावर आई-बाबांचं कसं चालेल? गोदामाची ड्युटी लागली तर रोजचं काम मिळेल. बाबांना विचारलं तर ते नाही म्हणतील, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून पत्रा गंजलाय, डेंटिंग करून आणतो असं सांगून टेम्पो गॅरेजला नेला. रंग बदलायचा तर आरटीओत अर्ज लागतो. त्या अर्जावर बाबांची सही मी विम्याच्या कागदांबरोबर घेतली. त्यांनी चष्मा न लावता सही केली, कारण कागद मी पुढे केला होता.

चाचांनी विचारलं, "अब्बा को मालूम है?"

मी म्हणालो, "हो."

चौथ्या दिवशी पांढरा टेम्पो अंगणात आणून लावला. आई ओटीवर आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बाबांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली, दारावर बोट फिरवून पाहिलं. काम चांगलं झालं होतं, कुठे ओघळ नाही, फुगा नाही. मी सांगत सुटलो, काल्हेरला बोललोय, सोमवारपासून ड्युटी आहे, डिझेल ते देणार. बाबा ऐकून घेऊन घरात गेले.

मस्कतला पोचलो तर तिथे सगळीकडे पांढऱ्याच गाड्या. उन्हामुळे असेल, पण दहा गाड्या गॅरेजात आल्या तर सात पांढऱ्या. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे एक रंग. पांढऱ्यात निळसर असतो, पिवळट असतो, मोतिया असतो, आणि तीन उन्हाळे खाल्लेला पांढरा पुन्हा वेगळाच. दाराला जो पांढरा लावलाय तो बॉनेटशेजारी उन्हात नेला की उघडा पडतो. तो जुळवायला मी शिकलो. माझा केरळचा जोडीदार शाजी म्हणायचा, "तू पांढऱ्याचा डॉक्टर झालास." मी हसायचो, आणि मला अंगणातली ती फेरी आठवायची, दारावरून फिरलेलं बोट आठवायचं.

एकदा आतल्या वाळवंटाकडचा एक म्हातारा त्याचा जुना पिकअप घेऊन आला. त्या भागात वाळूच्या रंगाच्या गाड्या फार. त्याचा एक बाजूचा पत्रा चेपला होता. आमच्या मॅनेजरने त्याला सुचवलं, सगळी गाडीच पांढरी करून टाकू, थंड राहील, विकताना बरं पडेल. शाजी थोडी अरबी बोलायचा, त्याने म्हाताऱ्याचं उत्तर मला सांगितलं. तो म्हणत होता, माझे उंट या रंगाला ओळखतात, चारा घेऊन आलो की उठून उभे राहतात. पांढरी गाडी आली की त्यांना वाटतं डॉक्टर आला.

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी वाळूचा रंग जुळवायला मला तो पाच वेळा मिसळावा लागला.

अडीच वर्षांनी पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा टेम्पो अंगणातच होता. बाबांनी काल्हेरची ड्युटी चार महिन्यांतच सोडली होती, हे आईने फोनवर सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, हट्टाने सोडली. पुन्हा दूध, पुन्हा भाजी. मी पडघ्याच्या बाजारात गेलो तिथे शेजारच्या पाड्यावरची भागीमावशी भेटली. तिच्या पायाशी दोन-अडीच वर्षांची मुलगी घुटमळत होती.

"वळखलीस का हिला?" मावशी म्हणाली. "रस्त्यावर झाली ती हीच."

मला काहीच माहीत नव्हतं. मग तिने उभ्या उभ्या सांगितलं. सुनेला अकाली कळा सुरू झाल्या. दोघी फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या, दुपारची वेळ, रिक्षा नाही, कुणाचा फोन लागेना. गोदामांच्या पांढऱ्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. पहिल्या चार-पाचांना तिने हात केला. एकही थांबली नाही. मग पुढची आली तेव्हा तिने धूळ नको म्हणून तोंडावर पदर घेतला आणि पाठ फिरवून सुनेला आडोसा केला.

"ती तुझ्या बापाची गाडी व्हती," ती म्हणाली. "त्या दिशी माल न्हाय म्हनून लवकर परतलेला. मला काय ठाव? वांगं असतं तर रस्त्यात आडवी पडली असती मी."

बाबांना पाठमोरी बाई दिसली. एसटीची वाट बघत असेल असं समजून ते पुढे गेले. तासाभराने झाडाखाली मुलगी झाली. सुनेचं खूप रक्त गेलं, बरेच दिवस दवाखान्यात काढले, पण वाचली. बाबांना संध्याकाळी कळलं. दुसऱ्या सकाळी ते काल्हेरला गेलेच नाहीत.

"तुझी चूक न्हाय रं," मावशी म्हणाली. "पांढऱ्या गाड्या का थोड्या हायेत?" आणि मुलीला कडेवर घेऊन ती मिरच्या निवडायला लागली.

मी तिथून तडक भिवंडीला गेलो. चाचांचे हात आता थरथरत होते, पण त्यांना मिश्रण आठवत होतं. जांभळा, काळा, चिमूटभर तांबडा. पत्र्याच्या सहा पट्ट्यांवर रंग मारून, वाळवून, उन्हात धरून पाहिले, तेव्हा सहावा त्यांनी पास केला. डबा, प्रायमर, भाड्याचा कॉम्प्रेसर, स्प्रे गन सगळं रिक्षात घालून मी घरी आलो. अंगणात मांडामांड केली. टेम्पोच्या काचांना कागद चिकटवायला सुरुवात केली, तेव्हा बाबा बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"पहिल्यासारखा करतो, बाबा. मावशीने सांगितलं मला सगळं."

"आन् कोनाला इचारून?"

चिकटपट्टी माझ्या हातातच राहिली.

बाबा ओटीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "तवा तू मला इचारलं असतंस ना, तर मीच म्हनलो असतो, कर पांढरा. पोरगा चाललाय लांब, आमची सोय बघून चाललाय, मला कळत नव्हतं व्हय? पन माझी सही तू चोरून घेतलीस. त्या कागदाची झेरॉक्स मला नंतर गाडीतच सापडली."

"चुकलो, बाबा."

"फाट्यावर मी बी थांबायला पायजे व्हतं. बाईमानूस उभी दिसली तर इचारायचं, कुठं जायचं हाय. मी बी न्हाय इचारलं. आता फाटा आला का मी थांबतोच. कोन असो, नसो. लोकांना ठावं झालंय. राहू दे तो पांढरा."

मी कागद काढून टाकले. कॉम्प्रेसर दुसऱ्या दिवशी परत केला. सुट्टीचे उरलेले नऊ दिवस मी घरात होतो. आई काही मागायला लागली की उठून आधीच आणून द्यायचो, आणि मग वाटायचं, हेही आपण विचारलं नाही.

त्यानंतर माझं मन मस्कतमध्ये लागलं नाही, आणि गावातही लागेल असं वाटलं नाही. इथे मस्कतला कुणाला काही विचारावं लागत नाही. गाडी येते, तिच्यावर कलर कोड असतो, त्याप्रमाणे मी रंग बनवतो, काम बरोबर झालं तर कुणी बोलत नाही. सोपं आहे. सुरुवातीला मला याच सोपेपणासाठी बाहेर पडावंसं वाटलं होतं. घर म्हटलं की आता मला ओटी, अंगण वगैरे आधी दिसत नाही. जिथे मला एकट्याने ठरवता येत नाही, ती जागा घर, असं वाटतं. बाहेर गेलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घराची सोय लावली आहे, स्लॅब टाकून दिला, फ्रीज पाठवला, डॉक्टर ठरवून दिला. किती जणांनी आधी विचारलं, ते ज्याचं त्याला माहीत.

या महिन्यात माझं काँट्रॅक्ट संपतंय. नवं पुढ्यात ठेवलंय, सही व्हायची आहे. मला गावात, घरामागच्या पडीक जागेत रंगकामाची शेड टाकायची आहे. आधी संगीताला विचारलं. ती म्हणाली, "मला चालेल. पण जागा त्यांची आहे, फोन करा." दोन आठवडे मी फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावला. बाबांनीच उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, टाकू का?

"थांब," बाबा म्हणाले. "आईला इचारतो."

त्यांनी फोन तसाच ठेवला असावा. कोंबड्या ऐकू आल्या, भांडं घासल्याचा आवाज थांबला. मॅनेजर मला हाक मारत होता, मी त्याला हाताने थांबवलं. लांबून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग बाबा परत आले.

"ती म्हनते, रंगाचा वास चुलीकडं यायला नको. वारा कुठून येतो ते बघून शेड घालायची."

"पश्चिमेकडून येतो ना?" मी म्हणालो.

"पावसाळ्यात. थंडीत तसा न्हाय येत. तिथून न्हाय कळायचं तुला. तू ये, मग बघू."