निरोप न घेता उठायचं

२६ ऑक्टोबर. पाण्याची टाकी धुवायला काढली होती. भुकूममध्ये घरामागे आमच्या भाड्याच्या सहा खोल्या आहेत. टाकी रिकामी झाली की सहाही बिऱ्हाडं ओरडतात. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. शेवटच्या खोलीतला ओडिशाचा पोरगा दोन दिवसांपूर्वी पौड रस्त्यावर गाडीखाली गेला होता. जाळायलाही आमच्याच आळीतले लोक गेले. मागे त्याची बायको राहिली. विशीतली असेल. मराठी येत नव्हतं, आणि हिंदी तिची नि माझी, दोघींचीही मोडकी.

सकाळीच दीर म्हणाले होते, "वैनी, खोली मोकळी करून घ्या. एकटी बाई हाय, उद्या काय झालं तर कोण निस्तरणार?" बोलणं खोटं नव्हतं. बघू, मी म्हणाले.

दुपारी आळीतल्या बायका तिला भेटायला आल्या. आमच्याकडे अशा घरी जाताना कुणी हाक मारत नाही, घरातलं कुणी 'या, बसा' म्हणत नाही. आत जायचं, भिंतीला टेकून बसायचं, थोड्या वेळानं निरोप न घेता उठायचं. सख्खं कुणी असतं तर गळा काढला असता. परक्या पोरीसमोर काय काढणार? सहाजणी गप्प बसल्या, पदर तोंडाशी धरून.

मी हात पुसत तिच्या दारात पोचले तर पोरगी गोणीत भांडी भरत होती.

"अगं, ही कुटं चालली?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

मला बघून ती उठली, हात जोडले. "दीदी, कल जाएगा. आज मत निकालो."

तेव्हा उलगडा झाला. तिच्या गावी, पुढे कळलं, येणारी बाई दारातच गळ्यात पडून रडते. इथं सहाजणी न बोलता आल्या आणि भिंत धरून बसल्या. हुसकायलाच आल्या असणार, दुसरं काय वाटणार?

"घाबरली व्हय? आमी काय वाघ हाय का?" काकू म्हणाल्या.

"तुमचं तोंडच तसं हाय काकू, नासल्या कालवणागत," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

मी "नहीं, नहीं" म्हणाले. माझा आवाज असा की विचारपूससुद्धा दटावल्यासारखी वाटते. ती आणखी मागे सरकली. मग बोलणं सोडलं. गोणीतलं पातेलं काढून फळीवर ठेवलं. दुसरं ठेवलं. तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि तिच्याशेजारी, खांद्याला खांदा लावून, बायकांकडे तोंड करून बसले.

बऱ्याच वेळानं तिचे खांदे सैल झाले. काकू सरकत आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यासरशी तिनं हंबरडा फोडला. दोन दिवसांत पहिल्यांदा. ऐकवत नव्हतं. काकूंनी हात काढला नाही.

नंतर एकेक बाई न बोलता उठू लागली. प्रत्येक वेळी ती दचकून माझ्याकडे बघायची. मी तळवा खाली दाबायचे: बस. चौथीला तिनं बघितलं नाही.

फळीवर पातेली ठेवली तेव्हाच दिरांना उत्तर गेलं होतं, सहा बायकांच्या देखत. तिला घेऊन जायला कुणी येणार का, तेही कळलं नव्हतं. तिच्या भावाचा फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची पेज घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी. पेज ठेवली. बाहेर आले तर पिरंगुटच्या कारखान्यातले दोघे फाटकाशी उभे, दिरांनी खोली बघायला धाडलेले. खोली रिकामी नाही, म्हणून सांगितलं आणि फाटक लावून घेतलं.