टेम्पोमागे ब्लूटूथ

माझ्या नवऱ्याला गर्दी आवडत नसे, पण गर्दीत कोणाकोणाचा ब्लूटूथ चालू आहे हे बघायला फार आवडे. तसले फोन तेव्हा नवे होते. लग्नाच्या कार्यालयात जेवणाची वाट बघताना ते फोनवर शोध सुरू करून बसत. आसपास ज्यांचा ब्लूटूथ उघडा असेल त्यांच्या फोनची नावे पडद्यावर एकाखाली एक येत. "दोन राजे आहेत, एक वाघ आहे आणि एक 'हात लावू नये' आहे," असे ते माझ्या कानात सांगत. मग समोरच्या माणसांतला वाघ कोणता, यावर आमचा वेळ बरा जाई. त्यांनी स्वतःच्या फोनला, इंग्रजी अक्षरांत, नाव दिले होते 'तुमचा काय संबंध'.

ते गेल्यावरही तो फोन मी चार्ज करत राहिले. त्यात त्यांच्या आवाजाची एकच नोंद होती. फोटो आमच्याकडे भरपूर आहेत, आवाज तेवढाच. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचे म्हणून त्यांनी एकदा घरी सराव केला आणि तो फोनमध्ये भरून ठेवला. सभेत ते काहीच बोलले नाहीत. ती नोंद ऐकण्याचा धीर मला झाला नव्हता. ती आहे, एवढ्यावर माझे चालले होते.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात तो कार्यक्रम आमच्या धायरीच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये झाला. सतरंज्या भाड्याच्या होत्या. बुद्धवंदनेआधी मी दोन्ही फोनचा आवाज बंद केला. माझा पिशवीत टाकला, त्यांचा शेजारी सतरंजीवर ठेवला. जेवणे झाली, माणसे पांगली, आणि त्यांचा फोन दिसेना.

"वहिनी, रिंग देऊन बघ," माझी धाकटी नणंद म्हणाली.

"दिली. रिंग जातेय, पण आवाज बंद आहे."

"दादासारखाच."

मग मला माझ्या फोनवर ब्लूटूथचा शोध सुरू करायचे सुचले. वरच्या घरात काही मिळाले नाही. जिना उतरून पार्किंगमध्ये आले आणि त्यांच्या फोनचे नाव पडद्यावर आले. सतरंज्या भरलेला टेम्पो त्याच वेळी फाटकातून बाहेर पडत होता. मी पुन्हा शोध घेतला. नाव गेले होते.

म्हणजे फोन टेम्पोत होता. मंडपवाल्याचा नंबर कुठे आहे, असे नणंदेने विचारले. तो त्याच फोनमध्ये होता. बॅटरीची एकच रेघ उरलेली मी सकाळी पाहिली होती. ती संपली की शोध संपला. सतरंज्या गोदामातून न झटकता पुढच्या लग्नाला जातात, हे मी अनेक लग्नांत बसून अनुभवलेले आहे.

नणंदेने स्कूटर काढली. मागे मी, हातात फोन. दोघी पांढऱ्या साडीत. सिंहगड रस्त्यावर लग्नतिथीची गर्दी होती आणि सतरंज्यांचे टेम्पो एक सोडून तीन चालले होते. शोध पूर्ण व्हायला वेळ लागे, तेवढा वेळ टेम्पोला चिकटून जावे लागे. पहिल्या टेम्पोजवळ 'किलर' आला. दुसऱ्याजवळ 'पप्पू' आणि 'लांब राहा'.

"काकू, रेंज येत नाही का?" मोटरसायकलवरचा एक तरुण म्हणाला. "हात अजून वर करा."

तिसऱ्या टेम्पोजवळ नाव आले. नणंदेला ऐकू जावे म्हणून मी ते मोठ्याने वाचले, "तुमचा काय संबंध."

"काही नाही काकू, मी आपला चाललो," असे म्हणून तो तरुण खरोखरच गेला.

नणंदेने स्कूटर टेम्पोच्या पुढे घातली. ड्रायव्हर खाली उतरला.

"काय झालं ताई? तुमच्यातलं कुणाचं सामान आलं का गाडीत?"

"सतरंजीत आमचा फोन आहे."

"कुणी सांगितलं?"

"या फोननं."

त्याने माझ्या फोनकडे पाहिले. "कंच्या सतरंजीत, ते बी सांगतोय का?"

ते तो सांगत नव्हता. ब्लूटूथला जवळ आणि लांब एवढेच कळते. रस्त्याच्या कडेला एकेक गुंडाळी उलगडली. भात निघाला, चमचे निघाले, एक लहान मोजा निघाला. शेवटी फोन ड्रायव्हरच्याच हाताला लागला. त्याने तो मला दिला नाही.

"राग मानू नका, पर तुमचाच हाय कशावरून? उद्या दुसरं कुणी आलं तर मालक मला धरंल."

"त्यात माझ्या भावाचा आवाज आहे," नणंद म्हणाली.

"तुमच्या भावाला मी कुठं वळखतो?" तो म्हणाला. "तरी बी लावा बरं."

मग लावावेच लागले. बॅटरीची रेघ लाल झाली होती.

"अध्यक्ष महोदय, टाकीसंबंधी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली गोष्ट..."

आणि तिथे स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. "अहो, हळू बोला, शेजारी ऐकतील."

"हळूच बोलतोय."

"हे हळू? आणि दोन गोष्टी कशाला? एकच सांगा."

"तू जरा थांबशील का?" मग खाकरून, "दुसरी गोष्ट, महोदय..." आणि नोंद संपली.

नणंद पदर तोंडाला लावून हसत होती. निदान आधी तरी हसतच होती.

ड्रायव्हरने फोन माझ्या हातात ठेवला. "तुमचाच हाय. आवाज वळखला." मग सतरंजी गुंडाळता गुंडाळता तो थांबला. "पर पयली गोष्ट ऱ्हायली की."

"राहिली," मी म्हणाले.

"परत लावा. गाड्यांच्या आवाजात निसटली असंल."

मी परत लावली. तिघे वाकून ऐकत उभे राहिलो.