हळूबाईंची आडवी गाडी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे हळूबाई म्हणत. शेजारच्या सीटवर बसून "हळू, हळू" करत तिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती.

एका सकाळी गाडी शिकायला आलेल्या एका कारकुनाने वळणावर घाबरून हँडब्रेकच ओढला. रस्त्यावर बारीक खडी पसरलेली. गाडीचा मागचा भाग सर्रकन फिरला. हळूबाईने हात लांबवून स्टिअरिंग धरलं आणि गाडी मागून जिकडे घसरत होती तिकडेच वळवलं. गाडी आडवी सरकत गेली आणि अलगद सरळ झाली. कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हळूबाई मात्र खदाखदा हसत होती.

संध्याकाळी तिने हा प्रकार गॅरेजवाल्या दिराला सांगितला.

"वहिनी, याला ड्रिफ्टिंग म्हणतात. घाटातल्या वळणांवर पोरांनी हा नाद सुरू केला, आता त्याच्या स्पर्धा भरतात. आधी कोण पोचलं ते बघत नाहीत. गाडी किती आडवी आणि किती सफाईने गेली, त्याचे गुण."

"म्हणजे नाचासारखं?"

"अगदी! फक्त टायरच्या धुरात."

झालं, तिने ध्यासच घेतला. दिराने इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी एक जुनी गाडी भंगारातून आणून ठाकठीक केली. बंद कारखान्याच्या आवारात परवानगी काढून रविवारचा सराव सुरू झाला. सुरुवातीला गाडी नुसती भोवऱ्यासारखी गरगरायची.

"धडधाकट टायर जाळायला जातेस, शहाणी आहेस की खुळी?" सासूबाई कडाडल्या.

"थोडी थोडी दोन्ही, आई."

आधी कुंपणाच्या भिंतीवर बघायला चार टाळकी बसायची. मग त्यांनी मित्र आणले, मित्रांनी घरची माणसं आणली. परगावचे चालक गाड्या घेऊन येऊ लागले. भिंत पुरेना, तेव्हा प्रेक्षकांना बसायला लोखंडी पायऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्याच आवारात पहिली मोठी स्पर्धा भरली.

हळूबाई थेट अंतिम फेरीत. समोर परगावचा नावाजलेला चालक. दोघांनी एकदम धावायचं, मागच्याने पुढच्याला चिकटून राहायचं, मग अदलाबदल. पहिल्या धावेत तो पुढे, ती मागे. ती त्याच्या दाराला खेटून, त्याच्याइतकीच आडवी. दुसऱ्या धावेत ती पुढे. वळण यायच्या आधीच तिने गाडी आडवी घातली आणि भिंतीला चाटून नेली, पण ओरखडासुद्धा उठू दिला नाही. पांढऱ्या धुराचा लोट उठला. क्षणभर कुणाला काही दिसेना. मग धुरातून गाडीचं नाक बाहेर आलं आणि पायऱ्या दणाणल्या.

लाउडस्पीकरवर विजेती म्हणून तिच्याच गाडीचा नंबर पुकारला गेला. प्रतिस्पर्धी हेल्मेट काढत धावत आला. "बाई, इतक्या जवळ आलात! भीती नाही वाटली?"

"छे हो! रोज शिकाऊ माणसांशेजारी बसते मी."

तो पोट धरून हसला आणि त्यानेच तिचा हात उंच उचलला.

तेवढ्यात गर्दी सारत सासूबाई आल्या, गाडीचं दार उघडून ऐटीत पुढच्या सीटवर बसल्या.

"बघतेस काय? हा पट्टा लाव मला, आणि एक चक्कर मार. चांगली आडवी!"