आत्याची पुसट सुकट

मी महाडला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. लोकांच्या नकला करतो ते आळीभर माहीत आहे. अक्षरांच्याही करतो, पण त्याला कुणी हसत नाही.

आत्याची खानावळ पोलादपूरला, आंबेनळीकडे वळणाऱ्या रस्त्यावर. महाबळेश्वरच्या गाड्या तिच्या दारावरून जायच्या, थांबायचं कुणी नाव घेत नव्हतं. मुंबईहून तिचा मुलगा फोन करायचा, "आये, दिवाळीपर्यंत बघ. नायतर बंद कर नि इकडे ये. टेन्शन नाय घ्यायचं." हे मी त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं की आत्या उलथणं उगारायची. तिला जायचंच नव्हतं. तिकडे त्याच्या तिसऱ्या मजल्यावर भाकरी थापून हाक कुणाला मारू, म्हणायची.

मी म्हटलं, खडूने लिहिल्यासारखा फ्लेक्स करू. गाडीवाल्यांना हल्ली तसलं आवडतं.

"मग खडूनंच लिव की."

"घाटातलं धुकं उतरलं की पुसून जातं."

"म्हंजे खोटा खडू."

"खोटा नाय गो. न पुसणारा."

सॉफ्टवेअरमध्ये खडूचे तयार फॉन्ट असतात, पण त्यातला प्रत्येक 'क' दुसऱ्या 'क'चा जुळा भाऊ. म्हणून जुना फळा आणला आणि आत्यालाच लिहायला बसवलं. तिने पहिल्या झटक्यात लिहिलं, 'सुकट-भाकरी'. मग स्वतःच लाजली आणि तळहाताने पुसून टाकलं. "शी. गाडीतल्या पाव्हन्यांना सुकट देतात काय? ती आपल्या घरातली." त्याखाली मोठ्या अक्षरात थाळी, पिठलं, कोंबडी-वडे.

मी फोटो काढला. दुकानात येऊन अक्षरं वेगळ्या लेयरवर घेतली, खरखरीत ब्रशने कडा कुरतडल्या, जिथे खडू दाबला जात नाही तिथे इरेजर हलकाच फिरवला. पुसलेली सुकट मात्र तशीच ठेवली. फळा वापरातला वाटायला तेवढा डाग हवा होता. आणि पुसूनही ती वाचता येत होती, इतका आत्याचा हात जड.

फ्लेक्स लागला त्या रविवारी पहिली गाडी थांबली. पुण्याचं जोडपं, गॉगल डोक्यावर.

"मावशी, ती पुसलेली सुकट-भाकरी संपली का हो?"

"नाय. म्हंजे हाय. पन ती माझी हाय."

तिच्या दुपारच्या जेवणाची होती. त्यांनी ती बोटं चाटून खाल्ली. मागून दुसरी गाडी आली, त्यांनाही थाळी नको, पुसलेलंच पाहिजे. आत्या त्या दिवशी चहा-खारीवर राहिली. संध्याकाळी मला फोन, "मेल्या, माझं जेवन इकलंस."

पुढच्या रविवारी मी गेलो, तर चुलीवर सुकटीचं मोठं पातेलं आणि बाकड्यांवर माणसं. मी शहाणपणा केला. "आत्या, नवा फ्लेक्स करतो. सुकट ठळक, सगळ्यात वर."

"गप रे. संपत आलीय असं दिसतंय, म्हनून मागतात. ठळक केलीस तर कोन इचारनार पन नाय."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. दिवाळी तोंडावर होती, काय ठरवलंस ते विचारत होता. आत्याने फोन खांद्याने कानाशी दाबला. पिठाचे हात थांबले नाहीत.

"बाबा, मानसं बसलीत. मागनं कर."

फोन ठेवला आणि फ्लेक्सकडे बघत मला म्हणाली, "आनि ऐक. पिठलं जात नाय. त्येबी जरा पुसट कर."